माल्टाच्या स्थळाला हो म्हणण्याआधी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

लग्नाचा हंगाम सुरू आहे आणि वधू-वरांच्या जाहिरातींत 'मुलगा माल्टा (युरोप) येथे नोकरीत' अशी ओळ आता अधूनमधून दिसते. मी नागपूरच्या मानेवाड्याची. शिक्षणाने परिचारिका. माझा नवरा आणि मी गेली काही वर्षं माल्टात राहतो. मी एका वृद्धाश्रमात काम करते, तो एका हॉटेलात एसी आणि शीतगृहांची देखभाल बघतो. यंदा सुट्टीवर घरी आले, तर दुसऱ्याच दिवसापासून नात्यातल्या आणि ओळखीच्या बाया येऊन बसू लागल्या. कुणाच्या मुलीला तिकडचं स्थळ आलेलं, कुणाची बोलणी सुपारीपर्यंत गेलेली. सगळ्यांचं म्हणणं एकच. "बाई, तू तिथं राहते, आम्हाले काय विचारायचं असते ते सांग." प्रत्येकीशी तासभर बोलून मी जे सांगते आहे, ते इतर आईवडिलांपर्यंतही पोचावं म्हणून हे पत्र. लांबलं आहे, सांभाळून घ्यावं.

मुलाचा पगार किती, फ्लॅट स्वतःचा की भाड्याचा, तो दारू पितो का, हे सगळे विचारतातच आणि विचारावंच. पण माल्टात जाऊन आपली मुलगी सोमवारी सकाळी दहा वाजता काय करत असेल, हा प्रश्न अजून कुणी विचारलेला मी ऐकला नाही. नवरा कामावर गेलेला, घरात दुसरं माणूस नाही, शेजारी ओळखीचा नाही. त्या वेळी तिच्याकडे स्वतःचं काम आहे का, नसेल तर ते करण्याचा परवाना आहे का, यावर तिचे पुढचे दिवस कसे जातील ते ठरतं. मला हे इतकं ठाम सांगता येतं, कारण आमच्या घरात दुसऱ्या क्रमांकाने गेलेलं माणूस बाई नव्हतं, पुरुष होता.

आधी मी गेले. नोकरी माझी होती. नवरा बुटीबोरीच्या कारखान्यातली नोकरी सोडून नंतर आला, माझा जोडीदार म्हणून. जोडीदार म्हणून मिळालेलं कार्ड हे राहण्याचं कार्ड असतं, नोकरीचा परवाना नव्हे. कामासाठी एखाद्या कंपनीने त्याच्या नावाने वेगळा अर्ज करावा लागतो. रेफ्रिजरेशनचं काम हातात असलेला, रोज पाच-पंचवीस माणसांत वावरणारा हा गडी एक आख्खा हिवाळा घरात बसला. सकाळी पावाच्या गाडीचा हॉर्न वाजला की खाली जाऊन पाव आणायचा. मग भिंतीवरची बुरशी पुसायची. मग स्वयंपाक. मग खाडीच्या कडेने मार्सास्कालाच्या मिठागरांपर्यंत चालत जायचं आणि परत यायचं. हिवाळ्यात नागपूरचं घड्याळ माल्टाच्या साडेचार तास पुढे असतं. संध्याकाळी त्याला कुणाशी बोलावंसं वाटेपर्यंत इथे सगळे झोपलेले. माझी ड्युटी आठला संपायची. मी दार उघडलं की तो दिवसभराचं साठलेलं बोलायला लागायचा, आणि मी दिवसभर बोलून, उचलून, वाकून थकलेली असायची.

इथे नातेवाइकांत कुजबूज होतीच. "जावई काय करतो?" म्हटलं की माझी आई विषय बदलायची. त्याने मला एकदाही बोल लावला नाही, पण त्याचं जेवण कमी झालं, झोप उडाली, आणि एरवी आठवड्यातून एकदा घरी फोन करणारा हा माणूस दिवसातून तीनदा करू लागला. मी परिचारिका आहे. ही लक्षणं दुसऱ्या कुणात दिसली असती तर मी त्याला डॉक्टरकडे पाठवलं असतं. तो पुरुष, वय तिशीच्या वर, हातात कसब, आणि घरातली मिळवती बायको त्याच्याशी नीट वागणारी. तरी ही गत. मग तेविसाव्या वर्षी लग्न करून गेलेली, इंग्रजी बोलायला बिचकणारी, प्रत्येक युरोसाठी नवऱ्याकडे हात पसरावा लागणारी मुलगी कशी राहत असेल? अशा मुली मी तिथे पाहिल्या आहेत. भारतीय वाणसामानाच्या दुकानात नवरा पैसे देईपर्यंत त्या बाजूला उभ्या राहतात. मराठी ऐकू आलं की पटकन वळून बघतात.

यात माल्टाचा काही दोष नाही, म्हणून आता तो देश कसा आहे तेही सांगते. एजंट दाखवतात तसा तो नाही आणि घाबरणाऱ्यांना वाटतो तसाही नाही.

सगळा देश 316 चौरस किलोमीटरचा, म्हणजे आपल्या नागपूर महापालिकेच्या हद्दीच्या दीडपटीपेक्षा थोडा कमी. वस्ती साडेपाच लाखांच्या आसपास. सिसिलीच्या दक्षिणेला माल्टा, गोझो आणि मधे चिमुकलं कोमिनो. 1964 पर्यंत ब्रिटिशांचं राज्य होतं, त्यामुळे गाड्या डाव्या बाजूने चालतात, प्लगला तीन चौकोनी पिना असतात आणि माल्टीजच्या जोडीने इंग्रजीही राजभाषा आहे. 2004 पासून देश युरोपीय संघात आहे, 2008 पासून चलन युरो. माझ्या आश्रमातले आजी-आजोबा आपसांत माल्टीज बोलतात, संध्याकाळी जपमाळ म्हणतात, आणि हात धरून चालवलं की डोक्यावर हात ठेवतात. दुकानात, बसमधे, दवाखान्यात इंग्रजीवर निभावतं. म्हणून मुलीचं इंग्रजी बोलणं लग्नाआधीच सुधारून घ्या. सहा महिन्यांचा वर्ग इथे नागपुरात जेवढ्यात होतो, तेवढ्यात तिकडे महिन्याचा किराणाही भरत नाही.

उन्हाबद्दल नागपूरकरांचा हमखास गैरसमज असतो. "आम्ही पंचेचाळीस डिग्रीतले, आम्हाला काय!" असं म्हणतात. तिथे पारा बहुतेक उन्हाळाभर तिशी-पस्तिशीतच असतो, पण हवा समुद्राची, दमट. आपला कूलर चालतो तो हवा कोरडी असते म्हणून. ताट्यांतलं पाणी कोरडी हवा ओढून घेते आणि गार होते. माल्टात हवेत आधीच इतकी वाफ असते की कूलर नुसता ओल वाढवतो. एसीला पर्याय नाही, आणि एसी म्हणजे बिल. त्यात आफ्रिकेकडून शिरोको वारा सुटला की सहाराची तांबूस धूळ गच्चीवरच्या कपड्यांवर बसते. 2023 च्या जुलैत उष्णतेची लाट आली तेव्हा जमिनीखालच्या केबल्स तापून ठिकठिकाणी कित्येक दिवस वीज जात-येत होती. आमच्या फ्रिजमधलं सगळं टाकावं लागलं. नवऱ्याला मात्र त्या दिवसांत श्वास घ्यायला फुरसत नव्हती.

हिवाळा दुसऱ्या तऱ्हेने छळतो. घरं पिवळसर चुनखडीच्या दगडाची. दिसायला फार सुरेख, उन्हात तर आख्खी गल्ली मधाच्या रंगाची होते, पण तो दगड ओल धरतो. बाहेर बारा-चौदा अंश असले तरी आत हाडं गारठतात, कारण जुन्या घरांत खोल्या तापवायची सोयच नसते. कपाटाच्या मागे बुरशी, चपलांवर बुरशी, पापडाच्या डब्याला वास. हवेतलं पाणी ओढणारं डिह्युमिडिफायर यंत्र घ्यावं लागतं. त्याचं भांडं आम्ही सकाळ-संध्याकाळ रिकामं करतो. दमा असलेल्या मुलीच्या आईवडिलांनी हे फार मनावर घ्यावं. भाड्याचं घर तळमजल्यावरचं आहे का, खिडक्या किती, ऊन कुठून येतं, हे व्हिडिओ कॉलवर मुलाला फिरून दाखवायला सांगा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आणि पाणी. या देशात एकही बारमाही नदी नाही, गोड्या पाण्याचं मोठं तळं नाही. पाऊस आपल्या निम्म्याच्या आसपास, तोही बहुतेक हिवाळ्यात. घरात येणारं निम्म्याहून जास्त पाणी समुद्राचं पाणी गोडं करून मिळवलेलं असतं. त्यासाठी किनाऱ्यावर मोठे रिव्हर्स ऑस्मोसिसचे प्रकल्प आहेत. नळाचं पाणी चालतं, पण चवीला जड लागतं, म्हणून बहुतेक घरं पिण्यासाठी बाटल्या आणतात. केटलीत पांढरा थर बसतो. डाळ शिजायला वेळ लावते. आधी भिजवली नाही तर वरण दाटतच नाही. जुन्या घरांच्या खाली पावसाचं पाणी साठवायची खोदीव टाकी असते. राजधानीचं व्हॅलेटा शहर 1566 साली वसवलं तेव्हापासून पाण्याची ही काळजी चालत आली आहे, आणि 1615 साली तिथे रबात गावाच्या बाजूच्या झऱ्यांवरून दगडी कमानींवरून पाणी आणलं गेलं. त्या कमानींचा बराचसा भाग आजही रस्त्याकडेने उभा दिसतो. आमच्या बसच्या वाटेवर त्या लागल्या की मला दर वेळी नागपूरच्या महाल भागातल्या बुजवलेल्या विहिरी आठवतात. पण तो विषय वेगळ्या पत्राचा.

घर चालवताना जी गोष्ट सगळ्यात उशिरा कळते ती विजेच्या बिलाची. वीज आणि पाणी यांचं एकच बिल येतं, आणि घरात किती माणसं नोंदवली आहेत यावर दर ठरतो. भाडेकरूंची नावं त्या खात्यावर चढवायला 'फॉर्म एच' नावाचा अर्ज असतो. तो भरला नसेल तर महागड्या दराने पैसे जातात. काही घरमालक तो भरायला टाळाटाळ करतात. आमच्या पहिल्या घरमालकाने तेच केलं आणि फरक आमच्या खिशातून गेला. भाडेकरार 2020 पासून सरकारी गृहनिर्माण प्राधिकरणाकडे नोंदवावा लागतो, आणि परवान्याच्या अर्जाला हा नोंदलेला करार लागतो. म्हणून मुलाला विचारा, करार नोंदलेला आहे का आणि लग्नानंतर मुलीचं नाव त्यात घालणार का. पत्त्याचा कागद तिच्या नावाने नसेल तर पुढे तिला बँकेत खातं उघडायलाही अडतं. स्वतःचं खातं हवंच. त्यात सुरुवातीला पन्नास युरो असले तरी चालतील, पण ते तिच्या नावावर असावेत.

परवान्याबद्दल थोडं नीट सांगते, कारण एजंट इथेच सर्वाधिक थापा मारतात. आपल्यासारख्या युरोपबाहेरच्या माणसाला माल्टात 'सिंगल परमिट' मिळतं, म्हणजे राहण्याचा आणि कामाचा एकत्र परवाना. तो आयडेंटिटा या सरकारी संस्थेकडून मिळतो. त्यावर एका कंपनीचं नाव असतं. नोकरी बदलायची तर नवा अर्ज. नोकरी सुटली तर दुसरी शोधायला मोजकेच दिवस. म्हणून मुलाचा परवाना कोणत्या पदासाठी आहे, कधी संपतो, आजवर किती कंपन्या बदलल्या, हे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. परवान्याची प्रत मागितली म्हणून जो मुलगा रागावतो, त्याच्या घरी मुलगी देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

या कार्डावर शेंगेन देशांत, म्हणजे आपसांत सीमेवर तपासणी नसलेल्या युरोपातल्या देशांत, फिरता येतं, 180 दिवसांत 90 दिवस. काम करता येत नाही. 'माल्टात गेली की युरोपभर कुठेही नोकरी' हे सरळ खोटं आहे, आणि सीताबर्डीच्या एका कार्यालयात माझ्या देखत एका शेतकरी बापाला हे सांगितलं जात होतं. तिथे जन्मलेलं बाळ आपोआप माल्टाचं नागरिक होतं, हेही खोटं. आईवडिलांपैकी कुणी माल्टाचं नागरिक असेल तरच.

मुलीने लग्नानंतर जोडीदाराच्या कार्डावर जाण्यापेक्षा स्वतःच्या नोकरीवर, स्वतःच्या परवान्यावर जावं, हे माझं या सगळ्या पत्रातलं मुख्य म्हणणं. त्यासाठी लग्न सहा महिने, वर्षभर पुढे गेलं तरी जाऊ द्या. जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग झालेल्या मुलींना तिथे काम आहे. तिथल्या परिचारिका परिषदेची नोंदणी मिळेपर्यंत बऱ्याच जणी 'केअरर', म्हणजे वृद्ध-आजाऱ्यांची देखभाल करणारी, म्हणून सुरुवात करतात. मीही तशीच केली. हॉटेलं, स्वयंपाकघरं, हिशेबाची कामं, दुकानं, सगळीकडे बाहेरून आलेली माणसं काम करतात. पर्यटनाच्या धंद्यात जाणाऱ्यांना आता कौशल्याची आधी परीक्षा द्यावी लागते. नियम बदलत राहतात, म्हणून जाण्याच्या महिन्यात आयडेंटिटाच्या संकेतस्थळावर स्वतः वाचावं. मुलीने वाचावं, मामाने किंवा एजंटने नव्हे.

कामाचा परवाना म्हणजे फक्त पैसा नव्हे. माझ्या नवऱ्याचं कार्ड आलं त्या आठवड्यापासून तो बदलला. पहाटेच्या बसमधे त्याला एक नेपाळी, एक फिलिपिनो आणि एक सिसिलीचा सोबती मिळाला. हॉटेलच्या भटारखान्यात त्याने तर्री पोहे करून घातले. गावच्या संताच्या उत्सवात बँड निघतो, तेव्हा रोषणाईच्या वायरी ओढायला त्याला बोलावतात, आणि आपल्याकडे गणपतीत मांडवाखाली राबावं तसा तो राबतो. उन्हाळाभर दर शनिवार-रविवारी कुठल्या ना कुठल्या गावाचा उत्सव असतो, भर दुपारी फटाक्यांनी खिडक्या थरथरतात. पूर्वी त्या आवाजाने तो वैतागायचा. आता आज कोणतं गाव ते मला सांगतो.

घरात दोघं मिळवती झाली की कामंही दोघांची होतात, हेही मुलाच्या आईशी आधीच बोलून घ्यावं. आमच्याकडे सोमवार, बुधवार, शुक्रवारी ओल्या कचऱ्याची पांढरी पिशवी दारात ठेवायची असते. ओला कचरा वेगळा करणं 2023 पासून सक्तीचं आहे. ते काम त्याचं. पाण्याच्या बाटल्यांवर दहा सेंट अनामत असते, त्या यंत्रात परत टाकून पावती आणणं माझं. गॅसचं सिलिंडर गल्लीत गाडीवर येतं. ते वर चढवणं जो घरी असेल त्याचं. तिथे धुणंभांड्याला बाई नसते. सासूबाई इथून फोनवर "पोराला भांडी घासायला लावते" म्हणाल्या, तर दोष ऐकून घ्यायला मुलगी एकटी असते. माझ्या सासूबाई तसं कधी म्हणाल्या नाहीत, उलट त्यांनीच त्याला कणीक भिजवायला शिकवून पाठवलं, आणि त्यांचे उपकार मी विसरत नाही.

बसबद्दल विचारतात म्हणून सांगते. 2022 च्या ऑक्टोबरपासून तिथल्या रहिवाशांना स्वतःच्या नावाचं कार्ड असेल तर बसप्रवास मोफत आहे. पैसे नसलेल्या मुलीसाठी ही फार मोठी गोष्ट आहे. ती निदान घरातून बाहेर पडू शकते. व्हॅलेटाला जाऊ शकते, गोझोच्या होडीपर्यंत जाऊ शकते. होडीने पलीकडे पोचायला पंचवीसेक मिनिटं लागतात. रविवारी मार्साश्लॉकच्या बाजारात मासे येतात, आणि तिथल्या रंगीत होड्यांच्या नाळेवर दोन डोळे रंगवलेले असतात. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा नवरा त्या डोळ्यांकडेच बघत राहिला होता. शाकाहारी घरच्या मुलीचंही अडत नाही. भारतीय दुकानांत तुरीची डाळ, ज्वारीचं पीठ मिळतं, महाग पडतं इतकंच. पालेभाज्या गल्लीच्या कोपऱ्यावर ट्रकमधून विकतात. अंबाडी मिळत नाही. हिवाळ्यात संत्री भरपूर येतात, रक्तासारख्या लाल गराचीही, पण वरुड-काटोलच्या संत्र्याचं साल जसं बोटाने सहज सुटतं तसं त्यांचं सुटत नाही.

आता जे बोलायला घरांत संकोच वाटतो ते बोलते. माल्टात गर्भपाताला बंदी आहे. 2023 साली कायदा थोडा बदलला, तो फक्त आईचा जीव धोक्यात असेल अशा स्थितीपुरता. आपल्याकडे 1971 च्या कायद्याने मिळालेली, 2021 मधे वाढवलेली मोकळीक तिथे नाही. नुकतंच लग्न झालेल्या मुलीला, आणि मुलालाही, हे जाण्याआधी ठाऊक हवं, म्हणजे संततिनियमनाचा सल्ला इथेच घेता येतो. नागपूरच्या डागा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात विचारा, आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारा. आरोग्यविमा मुलीच्या नावाने आहे का, त्यात बाळंतपण धरलेलं आहे का, हे लेखी बघा. सरकारी मॅटर देई रुग्णालय मोठं आणि चांगलं आहे, पण तिथे उपचार कोणाला मोफत आणि कोणाला पैसे भरून, हे कागदपत्रांवर ठरतं. बाळ झाल्यावर 2014 पासून पाळणाघराची मोफत योजना आहे, आणि ती आईवडील दोघंही कामावर किंवा शिक्षणात असतील तरच लागू होते. म्हणजे इथेही तीच गोष्ट: आईला स्वतःचं काम असेल तर दार उघडतं.

आणि घरात मारझोड झाली तर. असं होणार नाही असं गृहीत धरून मुलीला पाठवू नका. माल्टात 179 हा मदतीचा क्रमांक आहे, घरगुती हिंसेसाठी तिथे बोलता येतं. तातडीच्या वेळी 112. हे दोन आकडे मुलीला पाठ असावेत, नुसते मोबाइलमधे नकोत. मोबाइल हिसकावला जातो. पारपत्र आणि कार्ड तिच्या स्वतःच्या पर्समधे. दोन्हींच्या प्रती नागपुरात आईकडे. भारतात राष्ट्रीय महिला आयोगाचा अनिवासी भारतीयांच्या बायकांसाठी स्वतंत्र कक्ष आहे, तिथे इथून आईवडिलांनाही तक्रार देता येते. लग्नाची नोंदणी महापालिकेच्या झोन कार्यालयात लगेच करून दाखल्यावर परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल शिक्का, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचा शिक्का, घ्यावा. भारत आणि माल्टा दोन्ही देश अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात असल्याने तो दाखला तिथे चालतो. फोटोंचे आल्बम आणि पत्रिका कुठेच चालत नाहीत.

एक तक्रार आपल्या लोकांबद्दलही आहे. परवा एका घरी मुलीचे बाबा म्हणाले, "आम्ही एवढं विचारलं तर पोराकडचे समजतील की आमचा विश्वास नाही." त्यांनी हुंड्याच्या यादीतल्या गाडीचा रंग तीनदा विचारला होता. मला तिथे बसवेना. गाडी इथेच राहणार आहे, मुलगी साडेसहा हजार किलोमीटर दूर जाणार आहे. ज्याला तिचा हात द्यायचा त्याच्या परवान्याची तारीख विचारण्यात कुणाचा अपमान होत असेल तर होऊ द्यावा. हुंडा देणं-घेणं गुन्हा आहे, हेही त्यांना सांगून आले.

माझं तिथलं आयुष्य चांगलं आहे, हे सांगायला हवं. सकाळी सहाला खाडीवर उजाडतं तेव्हा मी बसथांब्यावर असते आणि मला मनापासून बरं वाटतं. नवऱ्याची आणि माझी गट्टी नागपुरात होती त्याहून घट्ट झाली, कारण तिथे तिसरं कुणी नव्हतं. भांडलो तरी रात्रीच्या वरणभाताला एकमेकांसमोरच बसावं लागलं. त्यामुळे मी कुणाला जाऊ नका म्हणत नाही. मुलींनी जावं, कमवावं, समुद्र बघावा. दोघांच्या हातात आपापलं कार्ड असावं, एवढ्यासाठी हे सगळं लिहिलं.

आपल्याला एक विनंती आहे. परदेशातल्या स्थळांच्या जाहिराती घेताना मुलाचा परवाना कोणत्या प्रकारचा आहे आणि कधीपर्यंत आहे, हे लिहिण्यासाठी एक रकाना ठेवता आला तर पाहावं. अमेरिकेच्या स्थळांत लोक व्हिसाचा प्रकार लिहितात, मग माल्टाचं का नाही? खोटं लिहिणारे लिहितीलच, पण निदान विचारायची सवय लागेल.

मी संक्रांतीपर्यंत नागपुरात आहे. ज्या घरांत माल्टाचं स्थळ आलेलं आहे त्यांनी आपल्या कार्यालयाच्या पत्त्यावर माझ्या नावे चिठ्ठी पाठवावी. मी कळवीन त्या दिवशी दुपारी दोननंतर घरी भेटता येईल. फी वगैरे काही नाही, मी एजंट नाही. मुलाच्या परवान्याची आणि भाडेकराराची प्रत आणावी, आणि मुलीला सोबत घेऊन यावं. तिला तिचे प्रश्न स्वतः विचारू द्यावेत, तेवढा वेळ मोठ्यांनी बाहेरच्या खोलीत चहा घ्यावा.

कळावे,
आपली एक वाचक
मानेवाडा रोड, नागपूर
(नाव व पत्ता कार्यालयाकडे दिला आहे; प्रसिद्ध करू नये ही विनंती.)